अठ्ठावन्न किलोंचा शिक्का

चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्याच वजनानं तोंडघशी पाडावं, यासारखी गंमत नाही. काटेवाल्यांच्या बाबतीत ती घडली, आणि त्यात त्यांच्या पोटऱ्यांचा जीव वाचला.

दुकान एका खोलीचं. भिंतीवर तराजू, टेबलावर पोट उघडून पडलेले इलेक्ट्रॉनिक काटे, आणि कोपऱ्यात जाड फडक्याखाली शिक्का मारलेली प्रमाण वजनं. बाकीचे सगळे काटे त्यांच्यावरून तपासायचे. ती कुणी ओल्या हातानं उचलली, तर काटेवाले दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. आपल्या काट्यावर मात्र ते स्वतः कधी चढले नाहीत. "न्हाव्यानं स्वतःची हजामत करू नये," एवढंच म्हणायचे.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी हात वर केले आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. गेल्यागेल्या वजन करायचं आणि चार तास पलंगावर पडायचं. शरीरातलं जादा पाणी काढून झाल्यावर उरायला हवं त्या वजनाला तिथे ड्राय वेट म्हणत. काटेवाल्यांचं अठ्ठावन्न ठरलं होतं. वजन साडेएकसष्ट भरलं, की यंत्र साडेतीन किलो पाणी काढायला लागे.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. तिसरा तास लागला, की पोटरीचा दगड व्हायचा, पायाची बोटं एकमेकांशी भांडण झाल्यासारखी चार दिशांना तोंडं करायची, आणि काटेवाले यंत्र बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एक सिस्टर तळवा दाबायची, दुसरी यंत्राचा वेग कमी करायची, आणि शेजारच्या पलंगावरचे निवृत्त पोस्टमन टाचा कशा दाबाव्यात यावर पडल्यापडल्या सल्ला द्यायचे. शेवटी "सोडवा मला" म्हणून काटेवाले वेळेआधीच उठायचे. वेळेआधी उठलं की रक्तातली घाण रक्तातच राहायची, मग हाडं ठणकायची. उजवा हात तर छातीच्या वर जाईना.

"काका, पाणी किती पिता?" सिस्टर विचारायची.

"दिवसाला तीन पेले. मोजून."

"मग हे साडेतीन किलो आलं कुठून? हवेतून?"

घरीही तेच. बायको फ्रिजमधले बर्फाचे तुकडे मोजून ठेवायची आणि परत येऊन पुन्हा मोजायची. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला एका ग्रॅमचा गंडा घातला नाही, त्याच्यावर पाणीचोरीचा आळ!

एका शुक्रवारी गोळा मांडीपर्यंत चढला. घरी येऊन जेवताना त्यांनी जाहीर केलं, "काटा त्यांचाच खोटा आहे. सोमवारपासून मी जाणार नाही. मेलो तरी चालेल, पण चोर म्हणवून घेत तंगड्या पिळून घेणार नाही."

बायकोनं हातातला घास ताटात ठेवला. "नाही गेलात तर किती दिवस?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या. दहा-बारा."

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "त्यांचा काटा खोटा आहे असंच ना तुमचं म्हणणं? मग दाखवा सिद्ध करून. खोटा निघाला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. खरा निघाला, तर मुकाट्यानं चार तास पडायचं. कायमचं."

धंद्यातला माणूस, पैज कशी नाकारणार? शनिवार-रविवार त्यांनी सोनं तोलायच्या काट्यावर पाण्याचा पेला, चहाचा कप, औषधाबरोबरचा घोटसुद्धा तोलला. शुक्रवारपासूनचं सगळं मिळून शरीरात राहिलं असेल ते दीड किलो. तशी चिठ्ठी केली.

सोमवारी प्रमाण वजनं रिक्षात घालून वरात निघाली. हात वर जात नव्हता, म्हणून दवाखान्याचा वॉचमन आणि बायको वजनं वाहत होती आणि काटेवाले मागून "हळू, हळू, आपटू नका" करत होते. वॉर्डातल्या काट्यावर वीस किलो ठेवले. काट्यानं वीस दाखवले. चाळीस ठेवले, चाळीस. पंचावन्न ठेवले. पाचही पलंगांवरचे पेशंट नळ्या सांभाळत माना उंच करून बघत होते. पंचावन्न. काटेवाल्यांनी काट्याचे पाय तपासले, वाकून कान लावला, पुन्हा वजनं चढवली. एका ग्रॅमचा फरक नाही.

"चोख आहे," ते म्हणाले, दाढ उपटल्यासारखा चेहरा करून. पोस्टमननी पलंगावरूनच टाळी वाजवली.

एवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. पोर तिशीचीही नसेल. तिनं चिठ्ठी वाचली. "काका, ही खरी?"

"अक्षर न् अक्षर."

"आणि आमचा काटाही खरा. मग तिसरंच काहीतरी चुकतंय." तिनं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही, म्हणजे सूज नाही. छाती तपासली, श्वास मोकळा. मग तिनं बायकोकडे वळून विचारलं, "जेवतात कसे?"

"आधी दोन घासांत उठायचे. आता ताट मलाच ओढून घ्यावं लागतं. पट्ट्याला दोन भोकं पुढे करून दिली मी."

डॉक्टर खुदकन हसली. "काका, तीन महिन्यांपूर्वी तुमचं ड्राय वेट वाढवूया म्हटलं, तर काय म्हणाला होता?"

काटेवाल्यांच्या कपाळाला घाम फुटला. ते म्हणाले होते, "ठरलेलं वजन वाढवायचं? डॉक्टर, आमच्या धंद्यात तो गुन्हा आहे." आणि असं काही डोळे वटारून म्हणाले होते, की पोरगी गप्प बसली होती.

"मी ऐकायला नको होतं, माझंही चुकलं," ती म्हणाली. "अहो, यंत्र तुमच्या अंगात नसलेलं पाणी ओढत होतं. पायांना गोळे येतील नाहीतर काय? ते दोन किलो तुम्हीच आहात, काका. खाल्लेलं अंगी लागलंय."

सगळा वॉर्ड हसला. बायको सगळ्यांच्या आधी हसली, आणि हसताहसता पदर तोंडाला लावून रडायला लागली. "दीड वर्षापूर्वी अंघोळ घालताना हाताला हाडं लागायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, असेच संपणार. कुणाला सांगू?"

डॉक्टरनं कार्डावरचे अठ्ठावन्न खोडले, साठ लिहिले, आणि काटेवाले निमूटपणे जाऊन पलंगावर पडले.

तिसरा तास लागला. त्यांनी सवयीनं टाचा रोवल्या, दात आवळले. पोटरी मऊच. त्यांनी बोटं हलवून पाहिली, आज्ञाधारक मुलासारखी हलली. थोड्या वेळानं ते घोरायला लागले, आणि पोस्टमन तक्रार करायला लागले.

चार तास भरल्यावर सिस्टरनं सुया काढल्या. "काका, बुधवारी?"

बायकोनं पिशवी आवरायची थांबवली.

"येणार," काटेवाले म्हणाले. "आणि शुक्रवारी पण."