मुहूर्ताची पहिली गाडी

आमच्या समोरच्या खोलीचं दार आत उघडतं. एरवी त्याचं काही वाटायचं नाही, पण त्या वर्षी खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला आणि दार उघडेनासं झालं. पाहुणे मोरीच्या बाजूनं, स्वयंपाकघरातून आत यायचे आणि खाजवत परत जायचे. साठवलेल्या कापसाची खाज ज्यानं अनुभवली नाही, त्यानं विदर्भात दिवाळी काढलीच नाही.

गंमत म्हणजे मी स्वतः हिंगणघाटच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, एकतीस वर्षं ग्रेडर होतो. शेतकऱ्याच्या गाडीतून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांनी ओढून धागा केवढा निघतो ते बघायचं, ओल बघायची, आणि नंबर सांगायचा. माझ्या शब्दावर भाव ठरायचा. लोक तोंडावर मला भाऊ म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक आहे. एवढा मी पारखी, आणि माझाच कापूस घरात अडकून होता.

सरकारनं परदेशी कापसावरचा कर काढला होता. बंदरात रुईच्या दाबलेल्या गठाणी उतरू लागल्या, सूतगिरण्यांना त्या आमच्या रुईपेक्षा स्वस्त पडू लागल्या, आणि इथला भाव बसला. शेतकऱ्यांनी कापूस दाबून ठेवला. सरकारी खरेदीसाठी नाव नोंदवावं, तर मोबाईलवर नुसता निरोप येई की आपला क्रमांक लवकरच लागेल. कापूस घराघरांत, म्हणून जिन बंद. जिन बंद, म्हणून मी घरात. माझ्या बायकोचं म्हणणं होतं की कापूस आणि मी, दोघांपैकी एकानं तरी बाहेर जावं.

अशात जिनचे मालक शेठजी यांचा फोन आला. परवा हंगामाचा मुहूर्त करायचा, आणि मुहूर्ताला सूतगिरणीचा मॅनेजर येणार.

"भाऊ, सीधी बात हाये," शेठजी म्हणाले. "त्याले आपली रुई पसंत पडली तं सीझन चालू. नाई पडली तं तो आपलं शेड परदेशी गठाणीच्या गोदामासाठी मांगून राह्यला. मंग मशीन कायले चालवाची? आन् ग्रेडर तरी कायले पायजे? पण मुहूर्ताले कापूस कोण आणते, ते सांगा."

कोणीच आणणार नव्हतं. मी तीन गावं फिरलो. लोकांनी चहा पाजला आणि कापसाचं नाव काढलं की म्हशीबद्दल बोलू लागले. शेवटी मी घरी येऊन समोरच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसलो. बायकोला मनातलं लगेच कळलं.

"या भावात?" ती म्हणाली. "लोक थांबून राह्यले, आन् तुमी आपला चालले देयाले?"

"नोकरीचा सवाल हाये."

"मंग न्या. पण दार तोडाचं नाई."

म्हणून मुहूर्ताच्या सकाळी आम्ही सगळा कापूस खिडकीतून बाहेर काढला. एक गज कापला, आणि त्या फटीतून गाठोडं-गाठोडं ओढत पिकअप भरली. निघायला तासभर उशीर झाला. मला वाटलं, मुहूर्त आपल्याशिवाय कुठे जातो.

आता आमच्या जिनची रीत सांगितली पाहिजे. मुहूर्ताच्या दिवशी फाटकातून जी गाडी पहिली येईल, तिला हार घालायचा, नारळ फोडायचा, आणणाऱ्याला टोपी-दुपट्टा द्यायचा. 'काय आणलं' हे विचारायचं नाही. विचारलं की बरकत जाते. आणि लक्ष्मी फाटकातून परत तर कधीच पाठवायची नाही. शेठजींच्या आजोबांपासून ही रीत चालत आलेली. आजोबांच्या काळात बैलगाडीशिवाय दुसरं काही येतच नव्हतं, त्यामुळे रीत पाळणं सोपं होतं.

मी पोचलो तेव्हा फाटकाच्या आत एक लांबलचक ट्रेलर उभा होता. त्याच्या तोंडाला झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक. शेडचा सौदा व्हायच्या आधीच गिरणीनं परदेशी गठाणींचा पहिला माल पाठवून दिला होता, आणि तो संध्याकाळऐवजी सकाळीच आला होता. आत काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. विचारत मात्र कोणी नव्हतं. शेठाणींनी ओवाळलं. शेठजींनी नारळ फोडला, पण त्यांचा चेहरा तेरवीला आल्यासारखा होता.

ड्रायव्हर तमिळनाडूचा. डोक्यावर गांधी टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात पेढे. बिचारा हात जोडून उभा होता. गावातल्या एका यूट्यूब चॅनलवाल्यानं त्याच्यापुढे माईक धरला आणि विचारलं, "दादा, यंदा पीक कसं काय?"

ड्रायव्हरनं विचार करून सांगितलं, "रोड अच्छा है. टोल ज्यादा है."

चॅनलवाल्यानं शेतकऱ्याची व्यथा म्हणून ते जसंच्या तसं लावलं.

माझी पिकअप दुसरी. दुसऱ्या गाडीला काही मान नसतो. पण जिन फिरवायला सरकीसकट कापूस तेवढा माझ्याकडेच होता. त्या गठाणी तर आधीच सरकी काढून, दाबून आलेल्या. माझा कापूस ओतला, मशीन सुरू झाली. तो आवाज ऐकून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. अकरा मिनिटांत पांढऱ्या रुईचा ढीग पडला.

गिरणीच्या मॅनेजरनं ट्रेलरमधली एक गठाण फाडायला लावली. प्रत्येक गठाणीवर एक चिठ्ठी होती. धाग्याची लांबी, ताकद, ओल, कचरा, सगळं छापलेलं. त्यानं त्यातली चिमूटभर रुई माझ्या डाव्या हातात दिली, आमच्या ढिगातली उजव्या हातात, आणि म्हणाला, "इथं माझ्याकडं मशीन नाही. पण तुमच्या हाताबद्दल ऐकलं आहे. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. कोणती चांगली?"

शेठजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावू लागले, इतके की शेठाणींना वाटलं डोळ्यात कचरा गेला. त्या पदर घेऊन धावल्या.

मी ओढून पाहिलं. उजव्या हातातली माझ्या शेतातली होती. तीत कवडी होती, किडीनं खाल्लेलं बोंड, धागा आखूड. डाव्या हातातली लांब, स्वच्छ, रेशमासारखी सुटत होती. कुठल्या देशातल्या कोणत्या माणसानं पिकवली असेल कोण जाणे, पण त्याला शिव्या द्याव्यात असं काही तीत नव्हतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. एकतीस वर्षांत लोकांच्या कापसाला त्यांच्या तोंडावर दोन नंबर म्हटलं, तिथे स्वतःच्या कापसाला एक नंबर म्हणायला जीभ वळेना. रागच आला मला, त्या कापसाचाही आणि स्वतःचाही.

"डावी," मी म्हणालो.

मॅनेजरनं मान डोलावली. शेठजी जवळ आले. त्यांनी माझा खांदा धरला, आणि खरोखर कौतुकानं म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारका ग्रेडर पुरे जिल्ह्यात नाई." मग वळून त्यांनी मशीन बंद करायला सांगितली.

घरी आलो तेव्हा समोरचं दार उघडं होतं. बायको रिकाम्या खोलीत झाडू मारत होती. मी तिला सगळं सांगितलं, डोळे मिचकावण्यासकट. ती हसली नाही. झाडू भिंतीला टेकवून म्हणाली, "खरं सांगाचाच तं तुमाले पगार भेटत होता. आता फुकट कोणाले सांगसान?"