प्रल्हादची फटफटी, माझी सुई

शीतलचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. शीतल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, प्रल्हादची, मुलगी. "आत्या, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी विचारलं, कधी? तर म्हणाली, आत्ताच, चहा घेता घेता. मी हातातली जुडी निवडून संपवली, पाणी प्यायले आणि दोन गल्ल्या ओलांडून त्याच्या घरी गेले. भाऊ मेला तरी बाई भाजी निवडत बसली, असं नंतर कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. फुप्फुसाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी मुदत आधीच सांगितली होती आणि त्याचं त्यालाही ठाऊक होतं. त्याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची पद्धत आहे, पण प्रल्हाद काही फार गोड माणूस नव्हता. हट्टी होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं लेथवर टर्नर होता, आणि एखादी वस्तू सूतभर जरी इकडंतिकडं झाली तर त्याला जेवण जात नसे.

निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "अक्का, दाजींची फटफटी मला दे." दाजी म्हणजे माझे मालक. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांची फटफटी तेव्हापासून माझ्या परसात पत्र्याखाली उभी होती. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. मी म्हटलं, घेऊन जा, जागा मोकळी होईल. तर म्हणाला, "न्यायची नाय. इथंच चालू करायची आणि हिच्यावर बसून फुलंब्रीला जायचं." फुलंब्री आमचं माहेर. तिथून प्रल्हादला याच गाडीवर मागं बसवून माझ्या मालकांनी शहरात आणलं होतं, मशीनचं काम शिकायला. एवढीच त्याची इच्छा होती... एकदा तो रस्ता उलटा जायचा.

रोज सकाळी दहाला तो यायचा. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती, तर तिच्यात बारीक खडी आणि साखळी घालून तासन्‌तास हलवत बसायचा. सगळी गल्ली विचारायची, अक्का, घरात काय दळायला बसलात? मग त्यानं कार्बोरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं ते यंत्र, हे मला त्यानंच सांगितलं. त्याचे तुकडे माझ्या परातीत रॉकेलमध्ये बुडवून ठेवले आणि दोन दिवस कुठंतरी लग्नाला गेला. मला परात पाहिजे होती. तुकडे बघितले तर पितळ काळंकुट्ट पडलेलं. मी ते चिंच लावून घासले. त्यात एक इवलासा तुकडा होता, मधोमध भोक असलेला, आणि ते भोक बुजलेलं. आता स्टोव्ह फरफर करायला लागला की पिन घालून भोक मोकळं करायचं, हे मला दहाव्या वर्षापासून येतं. मी स्टोव्हची पिन घातली. ती बारीक पडली. मग गोधडी शिवायची सुई घेतली, आत घातली आणि चांगली गरागरा फिरवली. आरपार उजेड दिसला तेव्हा समाधान वाटलं. प्रल्हाद आला, तुकडे बघून खूश झाला. "लई चकाचक केलंस गं अक्का! कारखान्यात पाहिजे होतीस तू." मी म्हटलं, तुझ्या कारखान्याला मी परवडले नसते.

गाडी जोडली. चालू व्हायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. प्लग काढावा तर पेट्रोलनं ओला. गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय, हे त्याला कळत होतं, पण कुठून, ते कळेना. आधी त्यानं टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची-बंद करायची तोटी, बदलायचं ठरवलं. तो कुठंच मिळेना. गुलमंडीच्या बाजारापासून सगळी जुनी दुकानं पालथी घातली. फोनवरून मागवला तर त्याचे आटे जुळेनात. शेवटी एका भंगारवाल्याकडं सापडला. मग पेट्रोलवर तरंगणारा पितळी फ्लोट. मग सुई. माझी नव्हे, कार्बोरेटरमधली. एकेक वस्तू शोधायला त्याचा महिना महिना जायचा, बसवली की दोन दिवस तोंडावर हसू, आणि परत काळा धूर. त्या इवल्याशा तुकड्याकडं, ज्याला जेट म्हणतात, त्यानं नीट बघितलंसुद्धा नाही, कारण त्याच्यावरचा भोकाच्या मापाचा नंबर बरोबर होता. मीच घासून तो नंबर चमकवला होता.

सिल्लोडला करीमभाई म्हणून एक जण आहेत, त्यांच्याकडं जुन्या गाड्यांचं सामान डब्यांत भरून ठेवलेलं असतं, असं त्याला कळलं. मला तिकडं नातलगाकडं जायचं होतं, म्हणून एकाच एसटीनं गेलो. करीमभाईंनी कार्बोरेटर खोलला, जेट उजेडाकडं धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "भाई, इसमें तो किसीने तार घुसाया. छेद बड़ा हो गया. नंबर पे मत जाओ."

प्रल्हाद चिडला. "कुठल्या गाढवानं घातली असंल?" मग स्वतःच म्हणाला, "दाजींनीच. दुसरं कोण हात लावणार?"

मी तिथंच बाकड्यावर बसले होते. मी तोंडावर बोलणारी बाई आहे. सुनांना, शेजारणींना, सासूलासुद्धा मी कधी सोडलं नाही. त्या दिवशी मी गप्प बसले. का, ते अजून मला सांगता येत नाही. एवढ्या महिन्यांची त्याची पायपीट माझ्यामुळं होती आणि माझे मालक तर असे की गाडी पुसायचं फडकंसुद्धा धुऊन वाळवून घडी करून ठेवायचे. त्यांच्या नावावर मी माझं गाढवपण खपवलं. त्यानंतर प्रल्हाद रोज गाडीपाशी बसला की, "काय केलंत दाजी हे," म्हणायचा आणि मी आत भांडी आपटायचे.

स्वतः टर्नर, तेव्हा त्यानं ओळखीच्या वर्कशॉपात जेट घडवून बघितला. दोन घडवले, दोन्ही फेकले. भोक इतकं बारीक की ड्रिल मोडून आतच राहायचं. त्यातच खोकला वाढला आणि तपासणीत ते दुखणं निघालं. येणं रोजचं होतं ते आठवड्यावर गेलं. आणि मग करीमभाईंचा फोन आला, जेट मिळाला म्हणून. प्रल्हादला जिना उतरवत नव्हता. मी एकटी सिल्लोडला गेले.

करीमभाईंनी जुना जेट मागितला, नव्याशी ताडून बघायला. म्हणाले, "आपके शौहर ने अच्छा काम बिगाड़ा था, अम्मा."

मी म्हटलं, "त्यांनी नाही. मी. गोधडीची सुई घातली होती."

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग विचारलं, "भाई को बोले क्या?"

"नाय."

"तो बोल दो. गाड़ी चालू होने से पहले बोलो. बाद में माफ़ी तो कोई भी माँग लेता."

परतीच्या वाटेवर फुलंब्री लागतं, पण मी माहेरी उतरले नाही. सरळ त्याच्या घरी गेले, जेट त्याच्या हातावर ठेवला आणि सांगून टाकलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. जेट मुठीत धरला आणि भिंतीकडं तोंड केलं. "आठ महिने अक्का... आणि मी त्या माणसाला शिव्या घालत होतो." मी म्हटलं, चुकलं. तर म्हणाला, "मला काय सांगतेस? त्यांना सांग." गेलेल्या माणसांशी बोलायची माझी रीत नाही. मी घरी आले. दोन दिवस त्यानं फोन उचलला नाही. ते दोन दिवस वाया गेले, याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं फारसं नाही.

तिसऱ्या दिवशी शीतलचा हात धरून तो आला. परसात खुर्चीवर बसला आणि मला म्हणाला, "घे स्क्रूड्रायव्हर. तू बिघडवलंस, तूच बसव."

मी म्हटलं, मला दिसत नाही नीट.

"सुई घालताना दिसत होतं व्हय?"

मग मी बसवला. "आवळू नको लई, पितळ हाय... आता बस. बस म्हटलं ना." शीतलनं किक मारल्या. सहाव्या किकला गाडी चालू झाली आणि चालू राहिली. धूर काळा नव्हता. शीतल नको म्हणत असताना प्रल्हाद उठला, स्टँडवर उभ्या गाडीवर बसला आणि मुठीवर हात ठेवला. फुलंब्री काही झालं नाही. परसातच दहा-पंधरा मिनिटं बसला. मग मला म्हणाला, "चावीनं बंद करू नको कधी. कॉक बंद कर आणि आतलं पेट्रोल संपेस्तोवर तिला चालू दे. आत राहिलं की घट्ट होतं, जेट बुजतो. मग तू परत सुई काढशील."

त्यानंतर दीड आठवड्यानं तो गेला.

गाडी माझ्याच परसात आहे. दर रविवारी शीतल येते, किक मारते आणि थोडा वेळ चालू ठेवून चहा ठेवायला आत जाते. कॉक मी बंद करते. लगेच काही होत नाही, गाडी आपली चालतच राहते. मिनिट-दोन मिनिटं जातात. मग आवाज जरा चढतो, एक-दोनदा अडखळतो... आणि थांबतो. तेवढा वेळ मी तिथंच उभी असते.