आरती आणि प्रसाद यांच्यामधली नगरवार्ता

श्रीमती सुमित्राअक्का मोहिते यांचा आणि माझा परिचय एका गैरसमजातून झाला, आणि त्या गैरसमजाचे पूर्ण निरसन झाले आहे असे मला आजही म्हणता येत नाही. बेळगाव सोडून मी राज्याच्या राजधानीत, जयनगरात राहायला आले, तेव्हा चार शब्द मराठीत कानावर पडावेत म्हणून कोणीतरी मला शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीतले भवानीचे देऊळ सुचवले. शुक्रवारची आरती झाली, कापूर फिरला, आणि प्रसादासाठी हात पुढे करावा तोच एक उंच बाई देवीकडे पाठ करून आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळी पाणी यायचं नाही. आत्ताच घरी जाऊन भरून ठेवा. ओला नि सुका कचरा एकाच पिशवीत कोंबणाऱ्यांची नावं मला ठाऊक आहेत, पण देवीसमोर घेत नाही."

मी शेजारच्या बाईंना हळूच विचारले, "या इथल्या नगरसेविका का?"

त्या हसल्या. "नगरसेवक येतात नि जातात हो. ही अक्का."

अक्कांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कार्याचा परिचय करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि त्या कार्याला नेमके काय म्हणावे येथेच माझी लेखणी प्रथम अडखळली. अक्का कोणत्याही पदावर नाहीत. त्यांना कोणी निवडून दिलेले नाही, नेमलेलेही नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर दर शुक्रवारी, आरती व प्रसाद यांच्या मधल्या वेळात, त्या शहराच्या कारभाराची वार्ता सांगत आल्या आहेत: पाणी कधी येणार, रस्ता कुठे खोदणार, लसीकरण कोणत्या सभागृहात, ज्येष्ठांच्या ओळखपत्रांसाठी कोणत्या खिडकीवर उभे राहायचे. ही वेळ का निवडली, असे मी एकदा विचारले होते.

"प्रसाद मिळेपर्यंत कुणी उठत नाही," त्या म्हणाल्या. "नंतर सांगितलं, तर ऐकायला एकटी देवी उरते."

मी आयुष्यभर स्थानिक स्वराज्य संस्थांचा कायदा शिकवला. नागरिकाला सूचना कशी द्यावी, तिची भाषा कशी असावी, याविषयी माझी मते ठाम आहेत. अक्कांच्या निवेदनात निम्मे मराठी, पाव कन्नड आणि उरलेले टेलिफोन खात्याचे असते. 'स्वल्प थांबा', म्हणजे जरा थांबा, आणि 'सरी', म्हणजे ठीक, यांवाचून त्यांचे एक वाक्य पुरे होत नाही. एका शुक्रवारी मी त्यांच्यासाठी निर्दोष मराठीत मसुदा तयार करून नेला. त्यांनी तो आदराने वाचला.

"बाई, फार छान आहे. पण 'जलपुरवठा खंडित राहील' ऐकून आमच्यातलं कोण बादली भरायला उठेल?"

उत्तर चतुर होते. म्हणून ते बरोबर होते असे मी मानत नाही.

त्यांच्या वार्तेत चुकाही होतात, हे गौरवाच्या प्रसंगीही लपवणे मला प्रशस्त वाटत नाही. एकदा त्यांनी नेत्रतपासणीचे ठिकाण चुकीचे सांगितले आणि एक वयोवृद्ध गृहस्थ भलत्याच इमारतीचे जिने चढून दमून परतले. पुढच्या शुक्रवारी अक्कांनी आधी ती चूक सांगितली, त्या गृहस्थांची नाव घेऊन माफी मागितली, आणि मगच नव्या बातम्यांना हात घातला. तेव्हापासून हा क्रम कधी बदललेला मी पाहिला नाही. चुकीची दुरुस्ती पहिली, बातमी नंतर. कित्येक विद्वत्सभांत मी वावरले आहे. हा क्रम तिथे क्वचितच आढळला.

माझ्यावरचे त्यांचे व्यक्तिगत ऋणही नमूद केले पाहिजे. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि वाचनाला काही दिवस मनाई होती, तेव्हा रोज सकाळी त्यांचा फोन येई. "बोला बाई, जयनगर जोडून देते," असे म्हणून त्या माझ्या भागातल्या बातम्या वाचून दाखवत. आपल्या भागाच्या नव्हे, माझ्या. त्यासाठी त्या कोणाकोणाला विचारत होत्या, हे त्यांनी मला कळू दिले नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. तो मला अजून पुरता उलगडलेला नाही. तरीही तो सांगितल्याशिवाय अक्का कोण आहेत हे सांगता येणार नाही.

शहराची एक महापालिका होती. तिच्या जागी अनेक झाल्या. कोणता रस्ता कोणाकडे गेला, याचा गोंधळ सर्वत्रच होता. देवळाच्या गल्लीत तो पराकोटीला पोचला, कारण हद्दीची रेषा गल्लीच्या मधूनच गेली. देऊळ आणि अक्कांचे घर एका पालिकेत, समोरची घरे दुसऱ्या पालिकेत. अक्कांनी त्यांना 'अलीकडची' आणि 'पलीकडची' अशी नावे ठेवली आणि आम्ही सारे तीच वापरू लागलो.

पलीकडच्या बाजूला वामनराव आणि ताराबाई हे वृद्ध दांपत्य राहते. ताराबाई खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होत्या. त्यांना घरी सोडण्याची वेळ आली, आणि नेमके तेव्हाच गल्लीच्या मधोमध, दगडी फरशांखालून जाणारे गटार तुंबून घाण पाणी वामनरावांच्या उंबऱ्याच्या आत येऊ लागले. ताराबाईंची खाट पुढच्याच खोलीत ठेवायची होती. घर कोरडे आणि स्वच्छ असल्याशिवाय पाठवणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले. यशवंतपूरला राहणारा मुलगा म्हणत होता, आईला माझ्याकडे आणा. ताराबाईंनी एवढेच सांगितले होते, "एकदा तिकडं गेले तर मी परत यायची नाही. मला माहीत आहे."

अक्कांनी तक्रार केली. एका शुक्रवारी त्यांनी आनंदाने जाहीरही केले, "गटाराची तक्रार निकाली निघाली. तारा घरी येणार!"

मागच्या रांगेतून वामनराव उठले. "अक्का, निकाली कुठं निघाली? आत्ता येताना मी पायजमा वर धरून बाहेर पडलोय."

चूक कशी झाली ते हळूहळू उघड झाले, आणि ती या गल्लीतच होऊ शकणारी चूक होती. वर्षानुवर्षे साऱ्या गल्लीच्या तक्रारी अक्काच नोंदवत, त्याही स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या घराचा पत्ता देऊन. "गल्ली म्हणजे एकच घर," असे त्यांचे म्हणणे. एकच कचेरी होती तोवर ते चालून गेले. आता अलीकडच्या कचेरीचा माणूस तक्रार पाहून अक्कांच्या दारी येई, कोरडा उंबरा पाही, 'अडचण आढळली नाही' अशी नोंद करून तक्रार निकाली काढी आणि जाई. उतार पलीकडे होता. पाणी सगळे वामनरावांकडे.

दुसऱ्या दिवशी अक्का वामनरावांना घेऊन पलीकडच्या कचेरीत गेल्या. तिथे उत्तर मिळाले, "नम्मदल्ल." आमचे नाही, गटार हद्दीवर आहे. अलीकडच्या कचेरीनेही तेच सांगितले, कारण पाणी साचलेले घर त्यांचे नव्हते.

तेव्हा अक्का माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही कायदा शिकवलाय. हे गटार कुणाचं?"

मी अधिसूचना वाचली, नकाशा पाहिला. रेषा रस्त्याच्या मध्यातून जाते. गटारही मध्यातूनच जाते. मी सांगितले, "दोघांचेही म्हणता येईल आणि कोणाचेच नाही असेही म्हणता येईल. दोन्ही पक्ष मांडण्याजोगे आहेत."

"म्हणजे तारा घरी येणार की नाही?"

"ते यावरून सांगता येत नाही."

अक्का स्वल्प थांबल्या. हा शब्द आता माझ्याही लेखणीत शिरला आहे. मग त्या म्हणाल्या, "सरी. शुक्रवारी लवकर या."

त्या शुक्रवारी त्यांनी दोन्ही कचेऱ्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांना आरतीचे निमंत्रण दिले होते, आणि एकालाही दुसऱ्याविषयी सांगितले नव्हते. अलीकडचे एक तरुण गृहस्थ होते, पलीकडच्या एक मध्यमवयीन बाई. आरतीच्या वेळी दोघे हात जोडून शेजारी शेजारीच उभे होते. आरती संपली. अक्का पुढे आल्या.

"आज बातमी मी सांगायची नाही. हे साहेब आणि या मॅडम सांगतील. मग प्रसाद."

देऊळ भरलेले होते. शिऱ्याचे पातेले झाकून पुढे ठेवले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग कन्नडमध्ये आपापली बाजू मांडू लागले. साहेब म्हणाले, पाणी पलीकडच्या हद्दीत साचते. मॅडम म्हणाल्या, उतार असला तरी तुंबले कुठे ते कोणालाच माहीत नाही. रेषेचा विषय निघाला, नकाशाचा निघाला.

मागून कोणीतरी ओरडले, "साहेब, जरा भरभर ठरवा, शिरा गार होतोय!"

"अहो, गप बसा," अक्कांनी त्यांना दटावले आणि पाहुण्यांकडे वळल्या. "गटार कुणाचं, हे मी विचारतच नाही. साहेब, गटार उपसायची गाडी आहे का तुमच्याकडे?"

"गाडी आहे. पण माणसं दुसऱ्या कामावर आहेत."

"मॅडम, तुमच्याकडे?"

"माणसं आहेत. नव्या कचेरीला गाडीच अजून मिळाली नाही."

"मग झालं की! उद्या सकाळी त्यांची गाडी, तुमची माणसं. चहा माझा."

देवळात हशा उसळला. साहेब मात्र गोंधळले. "अम्मा, पण हे काम कोणाच्या हद्दीत दाखवायचं?"

"ते या बाईंना विचारा. त्या कायद्याच्या आहेत."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सार्वजनिक उपद्रव तातडीने दूर करण्याविषयी एक तत्त्व आहे, एवढे मी म्हणाले. ते येथे लागू होते की नाही, याविषयीचा माझा खुलासा सुरू होण्याआधीच साहेब उद्गारले, "तत्त्व आहे ना मॅडम? मग पुरे." शिरा वाटायला सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशा उचलल्या गेल्या. आत काय निघाले ते मी स्वतः पाहिले. नारळाच्या शेंड्या, करवंट्या आणि काळ्या पडलेल्या हारांचे गच्च गोळे. देवळाचे निर्माल्य. पूर्वी ते नेणारा माणूस येईनासा झाल्यावर कोणी ना कोणी ते देवळासमोरच्या सैल फरशीखाली ढकलत आले होते. दोन्ही पालिका आपापल्या परीने खरेच बोलत होत्या. ते त्यांचे नव्हतेच.

साहेब आणि मॅडम यांनी सौजन्याने दुसरीकडे पाहिले. अक्का बराच वेळ त्या हारांकडे पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी सगळ्यांना चहा दिला.

पुढच्या शुक्रवारी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा चूक. इतके दिवस मी दोन्ही कचेऱ्यांना बोल लावला. गटार आपण बुजवलं. वामनअण्णा, तुमच्या घरात आलेलं पाणी आमच्या भक्तीचं होतं."

पुजारी कळवळून म्हणाले, "अक्का, हे देवीसमोर कशाला?"

"देवीला ठाऊकच आहे. मी इतरांना सांगतेय."

निर्माल्य आता रोज वेगळ्या टोपलीत जाते आणि अक्का स्वतः उभ्या राहून ते ओल्या कचऱ्याच्या गाडीत घालून घेतात. वामनरावांचे घर धुऊन, चुना लावून कोरडे झाले. ताराबाई रुग्णालयातून यशवंतपूरला न जाता थेट आपल्या घरी, आपल्या पुढच्या खोलीत आल्या.

ते गटार कोणत्या अधिकाराखाली साफ झाले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पुन्हा तुंबले तर ते कोणाच्या हद्दीतले असेल, तेही नाही. अक्कांच्या कार्यपद्धतीला मी मान्यता द्यावी की तिच्यावर आक्षेप घ्यावा, या प्रश्नावर मी अनेकदा विचार केला. दर वेळी ताराबाईंच्या खिडकीत दिवा दिसतो आणि विचार तिथेच थांबतो. हे उत्तर नव्हे, हे मला कळते.

या सत्काराच्या तयारीतही असाच पेच पडला. प्रमुख पाहुणे अलीकडच्या पालिकेचे बोलवावेत की पलीकडच्या? शिष्टाचाराचा मुद्दा मी स्वतःच उपस्थित केला होता, आणि त्यावर समितीच्या बैठकी लांबत गेल्या. शेवटी अक्काच म्हणाल्या, "दोघंही नकोत. ताराला बोलवा. शाल तिच्या हातची घेईन."

ताराबाईंना गल्ली ओलांडता येत नाही, असे आम्ही म्हणालो. "येईल," अक्का म्हणाल्या. "अजून वेळ आहे."

तेव्हापासून ताराबाई रोज संध्याकाळी वॉकर घेऊन उंबऱ्याबाहेर पडतात. गल्लीच्या मध्यापर्यंत येतात, फरशीवर उभ्या राहून दम घेतात आणि माघारी फिरतात. त्या वेळी देवळाच्या पायरीवर अक्का उभ्या असतात. मदतीला पुढे जात नाहीत, आत निघूनही जात नाहीत.

सुमित्राअक्का, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, अशी या ग्रंथाच्या सर्व लेखकांच्या वतीने मी प्रार्थना करते. आपला आवाज असाच खणखणीत राहो. भाषेविषयीचा माझा आक्षेपही कायम राहो, म्हणजे वादाला निमित्त उरेल. ताराबाईंनी परवा मला सांगितले की सत्काराच्या दिवशी त्या मध्यावरून परत फिरणार नाहीत. त्या येतील तेव्हा, आणि त्यानंतरच्या पुष्कळ संध्याकाळी, आपण त्या पायरीवर उभ्या असाव्यात.