पाणी न मागणारं पिल्लू

"तहान घशाले नाई लागत बाप्पा, डोक्याले लागते." आमचे डॉक्टर हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच, आणि ऐकवताना स्वतःच्या टाळूवर बोटानं टकटक करायचे. एकच वाक्य सगळ्या कचेरीला पाठ करून देणारा असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. नाचणगावजवळच्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रात ते जनावरांचे डॉक्टर आणि मी कारकून. त्यांच्या माघारी आम्हीही टाळूवर टकटक करून चहा मागवायचो.

एकदा पिल्लांच्या पेटीचं झाकण एका पिल्लाच्या डोक्यावर पडलं. जखम भरली, पिल्लू दाणे टिपू लागलं, पण पाण्याकडे काही जाईना. भांड्यात उभं केलं तरी पायाखालच्या पाण्याकडे ढुंकून बघायचं नाही. "तहानेची जागाच दुखावली याची," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ते कापसाचा बोळा भिजवून त्याच्या चोचीत थेंब सोडू लागले. जेवताना उठायचे, सही अर्धवट टाकून उठायचे. आम्हाला हसायला आयतंच निमित्त.

मग नागपूरचे साहेब तपासणीला आले. पिल्लू बघून म्हणाले, "ये किस काम का? निकाल दो."

साहेबांसमोर डॉक्टर कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी त्यांची हिंदी बाजूलाच राहिली. "साहेब, जगायचं हाये त्याले. फक्त पाणी मांगता येत नाई."

साहेब गडबडले. "तो घर ले जाओ," म्हणत पुढे गेले.

संध्याकाळी मी विचारलं, "एका पिल्लासाठी साहेबाच्या तोंडाले काऊन लागले तुमी?"

डॉक्टर पिल्लाची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. "माही माय आमच्या गावाले, रोहण्याले, विहिरीवर पडली. डोक्याले मार लागला. मंग तिनं पाणी मांगितलंच नाई. आमी म्हटलं, तहान नसन. उन्हाळ्याचे दिवस. माय सुकत गेली, अन् आमी नुसते पाहत राह्यलो. हे डोक्याचं मी मंग शिकलो."

 मी उठून बोळा भिजवायच्या वाटीतलं पाणी बदलून आणलं.

पुढं त्यांची बदली झाली. पुलगाव स्टेशनवर आम्ही हार घेऊन गेलो. एव्हाना पिल्लाची चांगली कोंबडी झाली होती, आणि तीही टोपलीतून त्यांच्याबरोबर निघाली होती. गाडीनं शिट्टी दिली, आम्ही हात हलवले. खिडकीत डॉक्टर गळ्यातला हार मागे सारून बोळा पिळत होते. गाडी हलली तरी त्यांनी मान वर केली नाही. तिला पाणी पाजायचं राहिलं होतं.