टर्बोची शिट्टी

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. दोन हजार सहा-सातचा सुमार. गाडीचं दुखणं मी कानानं ओळखायचो. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो धड असला की बारीक, एकसुरी शिट्टी देतो. हवेचा पाइप फाटला की त्या शिट्टीत फुसफुस मिसळते.

बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून बदलापूरला माणसं आणणारे एक मामा त्यांची जीप घेऊन आले. गाडी काळा धूर ओकत होती, चढाला दम सोडत होती. मी रेस देऊन वाकलो. इंजिनाची धडधड ऐकू आली, शिट्टी नाही. म्हणजे टर्बो फिरतच नाही. मी तसं सांगून टाकलं.

मामा शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, शिट्टी तर वाजतेय. मधेच सू सू पण करते. तुम्हाला नाय ऐकू येत?"

फॅनच्या पट्ट्याचा आवाज असेल, असं मी म्हणालो. पाइपावरून नुसता हात फिरवला असता तरी हवा लागली असती. पण तसं करणं म्हणजे त्यांचं ऐकणं, आणि त्यांचं ऐकणं म्हणजे माझे कान गेले हे कबूल करणं. मी टर्बो उतरवला. बोटानं फिरवला तर लोण्यासारखा फिरला, दांडा आडवा-उभा जराही हलत नव्हता. टर्बो चांगला आहे हे मला तेव्हाच कळलं. तरी गप्प राहिलो आणि दुसरा बसवला, त्याच पाइपाला जोडून.

तीन दिवस जीप माझ्याकडे अडकली. तेवढे दिवस पाड्यावरची माणसं पायी चालली. धूर तसाच राहिला. मामा भांडले नाहीत, गाडी अंबरनाथला घेऊन गेले. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडल्या उघडल्या सांगितलं, पाइप खालून चिरलाय.

आपला जुना टर्बो परत बसवून घ्यायला ते आले. निघताना म्हणाले, "कान दाखवून घ्या, मिस्त्री."

डॉक्टरांनी तपासलं. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेले होते. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी राहून असं होतं, आणि गेलेलं परत येत नाही, असं ते म्हणाले. बदलापुरात कात्रपला घरी आलो. बायको म्हणाली, माझं बोलणं ऐकू येतं ना, मग झालं.

डिझेलचं काम सोडून मी टायर बसवू लागलो. तरीही जुनी गिऱ्हाइकं यायची, बॉनेट उघडून रेस द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी त्यांना अंबरनाथच्या त्या मिस्त्रीचा पत्ता द्यायचो.