सायकलवाल्यांच्या वकीलबाई

हेमलता आवळेने वासंतीताईंना पहिल्यांदा पाहिलं ते हॉस्पिटलात, नवऱ्याच्या खाटेशेजारी. भालचंद्रच्या मांडीचं हाड मोडलं होतं, पाय वजनं लावून टांगलेला होता. जानेवारीतल्या दाट धुक्यात तो सायकलवरून गाझियाबादच्या कारखान्यात निघाला होता. तिथे तो यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचा. मागून ट्रक आला, धडकला आणि न थांबता निघून गेला. रस्त्यावर पडलेल्या भालचंद्रला कोणी उचललं, हॉस्पिटलात कोणी आणलं, काहीच कळत नव्हतं.

दिल्लीत आर. के. पुरमला राहणारा दीर, अविनाश, म्हणाला होता, "वहिनी, पहाडगंजात एक मराठी वकीलबाई आहेत, वासंती उजगरे. सायकलवाल्यांच्याच केसेस घेतात. मी निरोप दिलाय."

हेमलताला वाटलं होतं, कोणी रुबाबदार बाई येईल. आली ती पन्नाशीची, बुटकी, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेली, उजव्या पायाने लंगडत चालणारी बाई. गळ्यात बारीकसा क्रूस. तिने आधी भालचंद्रच्या कपाळावर हात ठेवला, मग हेमलताकडे वळून विचारलं,

"सायकल कुठंय?"

"घरी आहे. पार मोडली. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

"त्याला परत पाठव. दुरुस्त करू नकोस, पुसूही नकोस. यांच्या अंगावरचे कपडे तसेच ठेव, धुऊ नकोस. आणि गोड बोलून कोणी सही मागायला आलं तर मला विचारल्याशिवाय करायची नाही. अच्छा?"

हेमलताने मान हलवली. अपघातानंतर पहिल्यांदाच कोणीतरी तिला रडू नकोस म्हणण्याऐवजी काय करायचं ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वासंतीताई घरी आल्या आणि अंगणात सायकलीपुढे फतकल मारून बसल्या. मागच्या मडगार्डवर पिवळ्या रंगाचा ओरखडा होता. त्यांनी फोटोवाल्याला बोलावून त्याचे फोटो काढून घेतले. "धडक मागून बसलीय," त्या म्हणाल्या. "हे आता कोणाला नाकारता येणार नाही."

चहा पिताना त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली, शेजारणीची सांगावी तशी. कॉलेजात असताना त्यांच्याही सायकलला बसने उडवलं होतं. वडील भोळे, मोडकी सायकल त्यांनी विकून टाकली, साक्षीदार कोणी शोधलाच नाही आणि दावा फेटाळला गेला. अंथरुणात पडल्या पडल्या या मुलीने ठरवलं, आपण कायदाच शिकायचा.

भालचंद्रच्या बाबतीतही अडचण तीच होती, साक्षीदार नव्हता. पोलिसांनी 'अज्ञात वाहन' एवढंच लिहून घेतलं होतं. ट्रक सापडला तर त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येणार होती. न सापडला तर सरकारी मदतीचा तुटपुंजा तुकडा.

"पण धुक्यात कोणी काय पाहिलं असणार, ताई?"

"त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना विचारू या. उद्या पहाटे ये."

पहाटे हेमलता अपघात झाला त्या वळणावर पोचली तेव्हा हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. वासंतीताई पहिल्या गाडीने येऊन, स्टेशनवर ठेवलेली आपली सायकल चालवत तिच्याआधीच हजर होत्या. आधी नुसत्या घंट्या ऐकू आल्या. मग त्या पांढऱ्या भिंतीतून एक सायकल बाहेर आली, मग चार, मग मोजता येईनात इतक्या. हँडलला डबे लटकवलेले, मफलरीत तोंडं गुंडाळलेली माणसं. कोणाच्याच सायकलला दिवा नव्हता. या गावात इतकी वर्षं राहून हेमलताने हे कधी पाहिलं नव्हतं. आपला नवरा रोज यांच्यातलाच एक होऊन जायचा, हे तिला आज दिसलं.

वासंतीताईंच्या पिशवीत चमकणाऱ्या लाल पट्टीची रिळं होती. त्या एकेकाला थांबवत आणि मागच्या मडगार्डवर पट्टी चिकटवत. "भैया, पीछेवाले को दिखोगे तभी तो बचोगे. ट्रक के बगल में मत घुसना, ड्राइवर को तुम दिखते नहीं." आणि मग, पट्टीवरून अंगठा फिरवता फिरवता, "यहाँ एक टक्कर हुई थी. आपने देखी?"

लोक मान हलवून निघून जात. आठवडाभर हेच. हेमलता कंटाळली, चिडलीही, वासंतीताई नाही. रोज तोच आवाज, तीच आस्था, जणू पहिल्याच माणसाला विचारताहेत.

एके सकाळी मात्र पट्टी लावून पुढे गेलेला एक माणूस सायकल हातात धरून परत आला. रामसजीवन त्याचं नाव, फाउंड्रीत कामाला.

"बहनजी, देखी थी," तो खालमानेने म्हणाला. "टेम्पो रोककर अस्पताल भी मैं ही ले गया था. फिर गेट से भाग आया. सोचा, पुलिस मुझी को धर लेगी."

ज्याने हेमलताच्या नवऱ्याचा जीव वाचवला तो माणूस अपराध्यासारखा तिच्यापुढे उभा होता. तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. तो घाबरून दोन पावलं मागे सरला.

"घायल को उठाना जुर्म नहीं है," वासंतीताई शांतपणे म्हणाल्या. "ट्रक पहचानोगे?"

"रोज निकलता है. पीला, ईंट भट्टे का. एक ही बत्ती जलती है."

त्या तडक पोलीस चौकीत जाऊन बसल्या आणि शिपाई वीटभट्टीवर निघेपर्यंत उठल्या नाहीत. ट्रक मिळाला. बंपरवर घाईघाईने नवा रंग फासलेला होता.

सुनावणीला रामसजीवन खाडा करून आला. विमा कंपनीचा वकील त्याला म्हणाला, "धुंध थी, साइकिल पर बत्ती नहीं थी. ट्रकवाले को दिखता कैसे?"

रामसजीवनने थोडा विचार केला. "साहब, उसी धुंध में हम सब थे. जिसे नहीं दिखता वह धीरे चलता है."

न्यायाधीशांनी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं आणि लिहून घेतलं.

निकाल यायला दोन वर्षं गेली, पण तो भालचंद्रच्या बाजूने लागला. त्याचा पाय किंचित आखूड राहिला. तो पुन्हा ड्रॉइंगच्या टेबलाशी बसू लागला. सायकलवर मात्र बसला नाही. त्याबद्दल वासंतीताई त्याला एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

निकालाच्या दिवशी हेमलता त्यांना कोर्टाच्या फाटकापर्यंत पोचवायला गेली. वासंतीताईंनी काळा कोट घडी करून कॅरिअरला लावला.

"ताई, अजून सायकल चालवता. भीती नाही वाटत?"

"वाटते ना. बिल्कुल वाटते. म्हणून तर नीट चालवते."

अधू पाय पॅडलवर टाकून त्या निघाल्या. पुढच्या चौकात वळायचं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, उजवा हात सरळ बाहेर काढला आणि घाई न करता रस्त्याच्या मध्यावर आल्या. मागून येणारी भलीमोठी बस हळू झाली, हॉर्न न वाजवता थांबली. तिच्यामागची सगळी वाहतूक थांबली. बुटक्या वकीलबाई वळून दिसेनाशा झाल्या तरी हेमलता फाटकाशीच उभी होती.