दुपारची माय

माझ्या मायला दारूचं व्यसन होतं, हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षं लागली. त्या काळी मलकापुरात दारूबंदी होती, आणि पिणारे म्हणून आम्हाला जे ठाऊक होते ते सगळे पुरुष होते. माय तर औषध घेत होती.

चाळिशीत तिचं एक मूल पोटातच गेलं. वैद्यांनी द्राक्षासव दिलं, द्राक्षं आंबवून केलेलं औषध, जेवणानंतर दोन चमचे. बाबा स्वतः बाटली घेऊन यायचे आणि माय ती देवघरात समईशेजारी ठेवायची. चमच्याची वाटी कधी झाली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट बायकोच्या चेहऱ्यावर तजेला आला म्हणून बाबा खूश होते. पुढे वैद्य कुरकुरायला लागले, तेव्हा मी, मॅट्रिकला बसलेली दीडशहाणी पोर, स्टेशनाकडच्या दुसऱ्या दुकानातून बाटली आणू लागले.

का आणत होते तेही सांगून टाकते. सकाळची माय मला आवडत नसे. तिचे हात कापायचे, ती सगळ्यांवर खेकसायची. दुपारी मात्र जवळच्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाचे पुंजके तरंगत अंगणात यायचे, ऊन मऊ पडायचं, आणि माय माझं डोकं मांडीवर घेऊन केसांना तेल लावायची. बीबी या गावी तिचं माहेर. तिथल्या बाजाराची गोष्ट सांगता सांगता ती मध्येच सोडून गुणगुणायला लागायची. मी डोळे मिटून पडून असायची. घर कुठेतरी अलगद वाहत चाललंय असं वाटायचं. तितकी सुखी मी पुढे क्वचितच झाले.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं, तेही दुपारचंच. माय हसत हसत एकेकीला कुंकू लावत पुढे सरकत होती. कोपऱ्यात शेजारच्या काकू पन्ह्याचे पेले भरत बसल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मायनं तितक्याच मायेनं त्यांच्याही कपाळावर कुंकू टेकवलं. काकूंनी जरा थांबून पदरानं कपाळ पुसलं आणि पुढचा पेला भरायला घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. माय अजून हसतच होती. आपण काय केलं ते तिला सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून हळूहळू उमगलं.

संध्याकाळी तिनं उरलेली बाटली मोरीत ओतली आणि मला जवळ बोलावलं.

"मी मागतली तरी आनू नको. माही शपथ हाये तुले."

तिनं मागितली नाही. खिडकी लावून, घामानं भिजून, भिंतीला टेकून बसून राहायची. अन्न पोटात ठरत नव्हतं. मी जवळ गेले की दूर बस म्हणायची. असे तीन दिवस गेले. चौथ्या दुपारी मी कुणाला न सांगता स्टेशनाकडे गेले, बाटली आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

माय बाटलीकडे न पाहता माझ्याकडेच पाहत राहिली.

"काऊन आनली व?"

"मले तू अशी नाही आवडत," मी म्हटलं.

मग तिनं स्वतःच बूच काढलं, आणि मला जवळ ये म्हणाली.